बघ्यांनाही धैर्य शिकवा
महोदय,
मधल्या सुट्टीत एकाचे दप्तर बाकांवरून फेकले जात होते, वर्ग हसत होता. मला आठवतो तो शेवटच्या बाकावरचा मुलगा. तो हसत नव्हता, पण वहीत मान खुपसून बसला होता. धैर्याचा धडा त्याला हवा होता. दादागिरी करणाऱ्याला शिक्षा होते, सोसणाऱ्याला ‘तूही दे ना उलट’ असा घातक सल्ला मिळतो. बघ्यांशी कुणी बोलतच नाही. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या, शाळेतली दादागिरी रोखणाऱ्या ‘किवा’ उपक्रमाचा भर नेमका या बघ्यांवर आहे. सोसणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसणे, विखुरलेली पुस्तके उचलू लागणे, शिक्षकांना सांगणे, एवढे मुलांना जमते. फक्त सांगायला आलेल्याला ‘चुगलखोर’ म्हणणे आम्ही शिक्षकांनी आधी थांबवावे.
– एक शिक्षिका