फोटोत आहे तेवढंच रंगव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

‘रामदास’ बोटीतल्या माणसांची व्यक्तिचित्रं करायला घेतली आहेस, तर ब्रशआधी फोटो वाचायला शीक. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि तिच्याबरोबर ६०० हून अधिक माणसं गेली. घरोघरी फोटो असण्याचा तो काळ नव्हे. मिळालाच तर बहुधा लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा मिळेल. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन कर आणि मूळ प्रत लगेच परत दे. चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारं अ‍ॅप नको. ते डोळे-दात मनचे घालतं, मग घरच्यांनाच माणूस ओळखू येत नाही.

त्या काळातल्या काही फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या. त्यात कुंकू काळं येतं, ओठ गडद होतात, त्वचाही असते त्याहून सावळी दिसते. फोटोतला करडेपणा जसाच्या तसा रंगात उतरवलास तर सगळीच मंडळी रापलेली दिसतील. वर्ण घरच्यांना विचार. गाल कोऱ्या पाटीसारखे दिसले तर स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या बुजवल्यात असं समज. म्हणून तू नव्या घालायच्या नाहीत.

चित्रं शेजारी-शेजारी लागणार, तेव्हा उजेड एकाच बाजूने यावा म्हणून फोटो उलटा करायचा मोह होईल. करू नकोस! नथ उजव्या नाकपुडीत जाते, पदर खांदा बदलतो, भांग फिरतो. त्यापेक्षा १२ × १६ इंची कॅनव्हास उभा धरून प्रत्येकावर डोळ्यांची रेघ वरून ६ इंचांवर आख. सगळ्यांची नजर एका पातळीत आली की ओळ आपोआप जुळते.

पहिला हात टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या तपकिरी तैलरंगाचा, तो लवकर वाळतो. जवसाचं तेल वरच्या थरांत वाढवत ने. खाली आयव्हरी ब्लॅक जाड लावलास तर तो महिनोन्महिने ओला राहतो आणि वरचा रंग तडकतो. वार्निशला सहा महिने तरी थांब.

फोटो नसलेल्यांसाठी त्याच मापाचा, नुसता अंबरचा हात दिलेला कॅनव्हास लाव. ‘धाकटा अगदी तसाच दिसतो’ म्हणून भावावरून भाऊ काढायचा नाही. खालचं नाव घरच्यांकडून लिहूनच घे, वडिलांच्या नावासकट. एका गावात एकाच नावाचे दोघे असतात.

तुझी,
आई