हात सगळ्यांचे वर झाले, निर्णयाचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोसायट्यांच्या रीडेव्हलपमेंटबद्दल पेपरात जे येतं ते बहुतेक बिल्डरने फसवलं, भाडं थकलं, काम रखडलं असंच येतं. ते खरं आहेच, पण त्याच्या आधी एक गोष्ट घडलेली असते जिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. कुठल्यातरी हॉलमध्ये आपणच चाळीस-पन्नास लोकांनी बसून एक निर्णय घेतलेला असतो. तो निर्णय चांगला होता की वाईट, हे तपासायची काही पद्धत आपल्याकडे आहे का? आमच्या सोसायटीत जे झालं त्यावरून मला वाटायला लागलंय की नाहीये, आणि ती असायला पाहिजे.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, ४८ फ्लॅट, बिल्डिंगला चाळीस वर्षं होत आली. तीन ऑफर आल्या होत्या. कमिटीने ठरवलं की नेहमीसारखी भांडणं नकोत, एसजीएमच्या (विशेष सर्वसाधारण सभेच्या) आधी सगळ्यांना बसवून नीट चर्चा करू आणि त्यासाठी बाहेरून एक फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवून देणाऱ्या मॅडम बोलावल्या. जवळच्या शाळेचा हॉल घेतला, ४१ जण आले, जे आमच्याकडे वार्षिक सभेलासुद्धा कधी होत नाही. सहा टेबलं, प्रत्येकावर चार्ट पेपर, रंगीत चिकटचिठ्ठ्या, मार्कर पेन. मॅडम खरंच चांगल्या होत्या, नावाने हाक मारत होत्या, जे कधी तोंड उघडत नाहीत त्यांनाही बोलतं केलं, कोणाचा आवाज चढला की दोन वाक्यात शांत करत होत्या. शेवटी प्रत्येकाला तीन लाल टिकल्या दिल्या, आवडलेल्या ऑफरवर चिकटवा म्हणाल्या. दुसऱ्या ऑफरवर टिकल्यांचा ढीग झाला, मग अध्यक्षांनी विचारलं सगळ्यांना मान्य ना, आणि ४१ हात वर. माझाही होता.

जाताना फीडबॅक फॉर्म भरून घेतला. सभा कशी वाटली, तुम्हाला बोलायला मिळालं का, वेळेचं नियोजन कसं होतं. सरासरी पाचपैकी ४.६ आली आणि सेक्रेटरींनी ती ग्रुपवर टाकली, खाली सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी.

आता त्या फॉर्ममध्ये काय विचारलं होतं ते बघा. सगळे प्रश्न सभेबद्दल. निर्णयाबद्दल एकही नाही. चहा गरम होता, वातावरण चांगलं होतं, भांडण झालं नाही, हे सगळं खरं, पण यातल्या कशावरूनही दुसरी ऑफर आपल्यासाठी बरोबर आहे का हे कळत नाही.

तीन आठवड्यांनी कळलं. आमचा आताचा कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, ४२० स्क्वेअर फूट. पहिली ऑफर ३० टक्के जास्त म्हणजे ५४६, दुसरी ३८ टक्के जास्त म्हणजे जवळपास ५८०. टिकल्या सगळ्या त्या ३८ वर पडल्या होत्या. पण पहिल्याचा आकडा रेरा या घरबांधणीवरच्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे होता, ज्यात बाल्कनी धरत नाहीत, आणि दुसऱ्याच्या ५८० मध्ये ५० फुटाची बाल्कनी धरलेली होती. ती काढली की उरले ५३०. म्हणजे ज्याला आम्ही सगळ्यात मोठी ऑफर समजून हात वर केले ती प्रत्यक्षात पहिल्यापेक्षा १६ फुटाने लहान होती. चार्ट पेपरवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी, मोठ्या अक्षरात, एकाच रंगात लिहिले होते.

बरं हे कोणालाच माहीत नव्हतं असंही नाही, आणि मला जे खरं सांगायचंय ते हेच. आमच्याकडे एक काका आहेत, आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, त्यांनी ऑफरच्या सातव्या पानावरची ती बारीक अक्षरातली ओळ आदल्या रात्रीच वाचली होती. सभेत ते मागच्या टेबलावर होते. त्यांच्या टेबलाला काम काय दिलं होतं, तर नवीन घरात तुम्हाला काय काय हवं ते चिठ्ठ्यांवर लिहा. काकांनी लिहिलं, हवा खेळती असावी. मी नंतर विचारलं काका बोलला का नाहीत, तर म्हणाले, अरे एवढे शिकलेले लोक टिकल्या लावतायत, मला वाटलं माझंच काहीतरी वाचायला चुकलं असेल.

दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी बँकेत आहे. शासनाच्या निर्देशात विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी (त्याने शब्द पाळला नाही तर बँक पैसे देईल अशी हमी) द्यायची असं आहे हे तिला माहीत होतं, आणि दुसऱ्या ऑफरमध्ये गॅरंटीच्या जागी पुढच्या तारखांचे चेक लिहिलेत हेही तिने पाहिलं होतं. तिला वाटलं हे कमिटीने बघितलंच असेल. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एकांचे मेव्हणे त्याच विकासकाच्या दुसऱ्या साइटवरचं घर खाली करून भाड्याने राहतायत, विकासकाकडून यायचं त्यांचं भाडं चार महिने आलेलं नाही. ते गप्प बसले कारण घरातली गोष्ट चारचौघात कशाला.

तिन्ही गोष्टी त्या हॉलमध्ये होत्या, तीन डोक्यांत, आणि अडीच तास आम्ही काय बोललो तर पार्किंग, लिफ्ट, मॉड्युलर किचन, गच्चीवर सोलर, जे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं तेच.

यावर मी नंतर जरा वाचलं तर कळलं की हे आमच्यापुरतं नाहीये. अमेरिकेत स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये यावर प्रयोग केला होता. चार चार जणांचे गट, उमेदवारांमधून एकाला निवडायचं, पण माहिती अशी वाटून दिलेली की सगळ्यात चांगल्या उमेदवाराचे गुण वेगवेगळ्या लोकांकडे विखुरलेले. सगळ्यांनी आपापलं टेबलावर मांडलं असतं तर उत्तर समोर होतं. पण बहुतेक गटांनी तो उमेदवार निवडलाच नाही, कारण चर्चा सगळ्यांना जे माहीत होतं त्याच्याभोवतीच फिरत राहिली. वाचताना मला आमचा हॉलच दिसत होता. आणि काकांना जे वाटलं त्यावर सॉलोमन अॅशचे १९५१ चे प्रयोग आहेत, रेघांची लांबी ओळखायची, लहान मुलाला कळेल इतकं सोपं, पण आधीचे सगळे मुद्दाम चूक उत्तर देतात तेव्हा शेवटच्या माणसाची साधारण एक तृतीयांश उत्तरं तशीच चूक यायची. त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते हे की आधीच्यातला एक जण जरी बरोबर उत्तर देणारा ठेवला तर हे प्रमाण धाडकन खाली यायचं. एक जण. काका बोलले असते तर ती बँकेतली मुलगीही बोलली असती असं मला आजही वाटतं.

आता कायदा काय बघतो? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश गणसंख्या लागते, विकासक नेमायला किमान ५१ टक्के संमती लागते, त्या सभेला सहकार खात्याच्या निबंधकांचा अधिकारी हजर हवा, चित्रीकरण हवं. ४८ जणांत ३२ हजर आणि २५ संमती झाली की झालं. हे नियम चांगले आहेत, पूर्वी चार लोक घरात बसून ठरवायचे त्याला यामुळे आळा बसला, त्याबद्दल दुमत नाही. पण हे सगळं डोकी मोजणं आहे. कॅमेऱ्यात ४१ हात वर दिसतील आणि नियमाप्रमाणे तो उत्तम निर्णय. त्या हातांना बाल्कनीबद्दल माहीत होतं का, ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

दुसरी एक गोष्ट. समजा आम्ही दुसरी ऑफर घेतली असती आणि पुढे सगळं छान झालं असतं, इमारत वेळेत, भाडं वेळेत, तर सगळे म्हणाले असते निर्णय बरोबर होता. मला ते मान्य नाही. माळशेज घाटात वळणावर ओव्हरटेक करून माणूस सुखरूप घरी पोचला म्हणजे गाडी चांगली चालवली असं आपण म्हणत नाही. तसंच सगळं नीट पारखून घेतलेला निर्णयसुद्धा बाजार पडल्यामुळे फसू शकतो, त्यात निर्णय घेणाऱ्यांचा दोष नसतो. म्हणून निकाल लागायची वाट बघून उपयोग नाही, निर्णय घेतला त्या दिवशी त्यांच्यासमोर काय होतं आणि काय असू शकलं असतं हे बघायला हवं, आणि ते त्याच आठवड्यात बघता येतं.

आम्ही नंतर एसजीएम पुढे ढकलली आणि पुन्हा बसलो, त्याच मॅडमना बोलावलं. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, उलट म्हणाल्या की मला काम दिलं होतं ते सगळ्यांना एकत्र आणायचं, ऑफरचे कागद मला आदल्या दिवशी संध्याकाळी मिळाले. हे मला फार पटलं. चूक त्यांची एकटीची नव्हती, आपण फॅसिलिटेटरकडे मागतोच काय तर शांतता.

या वेळी सुरुवातीलाच त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, आज आपण नक्की काय ठरवणार आहोत ते एका वाक्यात लिहा, नाव टाकू नका. ३७ चिठ्ठ्या आल्या. त्या मोठ्याने वाचल्या तेव्हा हॉल गार पडला. कोणी लिहिलं बिल्डर ठरवायचा, कोणी लिहिलं रीडेव्हलपमेंट करायचं की नाही ते ठरवायचं, कोणी लिहिलं फक्त दुरुस्ती करायची का ते, तिघांनी लिहिलं घर खाली कधी करायचं ते, एकाने लिहिलं माहिती घ्यायला आलोय. म्हणजे मागच्या वेळी ४१ हात वर झाले होते ते एकाच गोष्टीसाठी नव्हतेच. एकमत कसलं म्हणायचं हे?

मग तिन्ही ऑफर एकाच मापात, रेरा कार्पेटमध्ये, एका कागदावर आणल्या, आणि त्या कागदावर प्रत्येकाने आपल्याला जे माहीत आहे आणि दुसऱ्यांना बहुधा माहीत नसेल असं एक तरी वाक्य लिहायचं असा नियम केला. तिथे काकांची ओळ आली, गॅरंटी आली, मेव्हण्यांचं भाडं आलं, नाव न घालता आलं. टिकल्यांऐवजी पाच बोटांची पद्धत वापरली, पूर्ण मान्य असेल तर पाच, अजिबात नाही तर मूठ, आणि एक किंवा दोन बोटं दाखवणाऱ्यांना आधी बोलायचं. सगळ्यांनी एकदम दाखवायची, अध्यक्षांचा हात बघून नाही. भांडण झालं, हो झालं, दोन जण उठून गेले आणि परत आले. फीडबॅक घेतला असता तर ४.६ नक्कीच आले नसते. पण मला विचाराल तर ती सभा पहिलीपेक्षा शंभर पटीने चांगली होती.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावाबद्दल बऱ्याच जणांना माहीत असेल. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला ते सगळीकडे छापून आलं, पण त्यांच्या सभेची रीत मला त्याहून मोठी वाटते. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते, सहमती नसेल तर विषय थांबतो, आणि त्याच्या जोडीला वेगळा अभ्यास गट असतो जिथे विषय आधी समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, पण निर्णय तिथे होत नाही, निर्णय ग्रामसभेचा. समजून घेणं आणि ठरवणं या दोन वेगळ्या बैठका. आम्ही शहरातले लोक दोन्ही अडीच तासात आणि एका चहात उरकायला बघतो.

म्हणून सहकार खात्याला आणि निबंधकांना या पत्रातून विनंती आहे की अशा सभांच्या इतिवृत्तात फक्त सूचक, अनुमोदक आणि बहुमताने मंजूर एवढंच नको. कोणते पर्याय समोर होते, ते एकाच मापात होते का, कागद किती दिवस आधी मिळाले, विरोधात काय मुद्दे आले आणि त्याला काय उत्तर दिलं, हे लिहिणं सक्तीचं करा. एक पान लागेल जास्तीत जास्त. आणि फॅसिलिटेटर किंवा सल्लागार आणला असेल तर त्याचे पैसे कोणी दिले तेही लिहा, कारण काही ठिकाणी ते विकासकच देतो असं ऐकायला येतं आणि मग तो कुठल्या टेबलाला काय काम देईल हे सांगायला नको.

एक राहिलं. आमच्या तळमजल्यावर एक काकू आहेत, त्यांचे यजमान अर्धांगवायू झाल्यापासून सहा वर्षं अंथरुणावरच आहेत. पहिल्या सभेला त्या आल्या होत्या, सगळा वेळ हातात एक चौघडी घातलेला कागद, घामाने त्याची शाई पसरलेली. त्यांच्या टेबलाने चार्टवर जिम लिहिलं होतं. दुसऱ्या सभेत त्यांनी दोन बोटं दाखवली म्हणून मॅडमनी पहिल्यांदा त्यांना विचारलं आणि त्यांनी तो कागद उघडून वाचला, तोच जुना कागद. बांधकाम चालेल ती तीन वर्षं आम्ही भाड्याने कुठे राहायचं, तळमजला मिळाला नाही आणि लिफ्ट नसेल तर यांना दवाखान्यात कसं न्यायचं? ४८ घरांत असे आजारी किंवा वयस्कर लोक असलेली घरं मोजली तेव्हा ११ निघाली. तळमजला किंवा लिफ्ट असलेली जागा आणि ती शोधून द्यायची जबाबदारी विकासकाची, हे कलम आता तिन्ही ऑफरवाल्यांना लेखी पाठवलंय, एकाचं उत्तर आलंय, दोघांचं यायचंय, आणि ते आल्याशिवाय एसजीएमची नोटीस काढायची नाही असं ठरलंय.

आपला,
एक सभासद, डोंबिवली पूर्व