इसब दिसला की ओठ उचलून पाहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला दातांचा दवाखाना चालवतो. मागणी एकच आहे. अंगणवाडीच्या तपासणीत ज्या बाळाला इसब असल्याची नोंद होते, त्याचा वरचा ओठ तिथल्या तिथे उचलून दात पाहावेत आणि ते मूल दंतवैद्याकडे पाठवावं.

ही तपासणी ज्यात होते तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याच्या यादीत इसबही आहे आणि दातांचे विकारही, पण दोन वेगळ्या रकान्यांत. पथकात आयुष डॉक्टर असतात, परिचारिका असते, औषधनिर्माता असतो, दंतवैद्य नसतो. साहजिकच कोपराच्या खोबणीतला लाल, खरवडलेला चट्टा पटकन दिसतो आणि तोंड राहून जातं.

या दोन रकान्यांचा एकमेकांशी संबंध असावा, असं मानायला आधार आहे. सिंगापूरमध्ये जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या एका अभ्यासात, दीड वर्षाच्या आत इसब झालेल्या आणि त्वचेच्या चाचणीत ॲलर्जीही आढळलेल्या मुलांमध्ये दात किडण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट दिसलं. इसबामुळेच दात किडतात, असं यातून सिद्ध होत नाही. पण त्वचेचा वरचा थर आणि दातावरचं इनॅमल, दोन्ही गर्भातल्या एकाच थरापासून घडतात. त्या घडणीतच कुठे कसर राहत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. कयास खरा ठरो न ठरो, त्या मुलाचं तोंड आधी पाहायला हवं एवढं तरी यातून निघतं.

आणि घरात काय चालतं ते मी रोज पाहतो. आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांना टेकतो, घामाने खाज वाढते, पोर रात्रभर अंग ओरबाडतं. मग झोपताना खाजेचं गोड सिरप, आणि तरी रडलं तर दुधाची बाटली. काही सिरपांनी तोंडही कोरडं पडतं. म्हणजे दात धुऊन काढणारी लाळच कमी. दोन वर्षांचं पोर मांडीवर घेऊन आलेली आजी बाटली दाखवते आणि म्हणते, “दूधना दात शेतस, पडी जातीन.” ओठ उचलला की पुढच्या चार दातांवर हिरडीलगत तपकिरी रेघ. तीच रेघ काही महिने आधी खडूसारखी पांढरी असते, आणि तेव्हा फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर द्यायचा संरक्षक लेप लावून, नीट घासून ती थांबवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर मात्र पोराला धरून बसवण्यापासून सुरुवात.

औषध बंद करा असं माझं म्हणणं मुळीच नाही. मलम, सिरप डॉक्टरांनी सांगितलं तसं चालूच राहावं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत शक्य तिथे बिनसाखरेचं सिरप द्यावं, आणि ते पाजून झाल्यावर दात पुसायला सांगावं, इतकंच. पहिला दात दिसल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, हेही त्याच बैठकीत सांगून होतं.

पथकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हे खरं आहे. म्हणून सगळ्यांचे दात तपासा असं मी म्हणत नाही. ज्यांच्या कार्डावर इसबाची खूण झाली तेवढ्यांचेच पाहा. तपासणीतून पुढे पाठवलेल्या मुलांसाठी जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे नियमाप्रमाणे दंतवैद्य असायला हवा. ते पद भरलेलं आहे की कागदावरच आहे, याची चौकशी आपण करालच.

वेळेचं तेवढं पाहा. अंगणवाडीत पथक वर्षातून दोनदा येतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, आणि लेकरं सोबत जातात. तिथली फेरी त्यांनी गाव सोडण्याआधी व्हायला हवी, नाहीतर पांढरी रेघ कुणालाच दिसणार नाही.

रेघ कशी ओळखायची हे शिकवायला अर्धा दिवस पुरतो. आमच्या तालुक्यातल्या पथकांना मी ते विनामूल्य शिकवीन. रविवार सोडून कधीही बोलवा.

आपला,
एक दंतवैद्य, अमळनेर, जि. जळगाव