सैन्य कोणाचं ऐकणार?

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, माझ्या कथेवर तुम्ही म्हणालात की अमेरिकेत आजच्या काळात यादवी कशी होईल, सैन्य तर एकच, मग लढणार कोण? फोनवर मला नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

माझी कथा अमेरिकेच्या 2000 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून वेगळी वाट धरते, बुश विरुद्ध अल गोर. आईसाठी आधी खरं काय झालं ते सांगते. सगळं फ्लोरिडा राज्यावर अडलं होतं, तिथे जिंकेल तो अध्यक्ष. तिथे जवळपास 60 लाख मतं पडली आणि बुश फक्त 537 नी पुढे, देशभरात मात्र अल गोरला जास्त मतं. सुप्रीम कोर्टाने 12 डिसेंबरला फेरमोजणी कायमची थांबवली आणि दुसऱ्याच दिवशी गोरने टीव्हीवर सांगितलं की निकाल पटत नाही पण मान्य आहे. पुढे 6 जानेवारीला उपाध्यक्ष म्हणून मतं मोजायच्या खुर्चीत तोच, त्याच्याच पक्षाचे खासदार हरकत घ्यायला उठतायत आणि तो नियमावर बोट ठेवून त्यांना खाली बसवतोय. वाचताना भरून आलं मला.

कथेत तो मान्य करत नाही, दोन अध्यक्ष शपथ घेतात. आता तुमचं सैन्य. तिकडे प्रत्येक राज्याचं नॅशनल गार्ड असतं, एरवी गव्हर्नरच्या हुकमात, अध्यक्षाने बोलावलं की त्याच्या. 1957 ला लिटल रॉकमध्ये गव्हर्नरने कृष्णवर्णीय मुलांना शाळेत येऊ द्यायचं नाही म्हणून गार्ड उभं केलं, आयझेनहॉवरने तेच गार्ड स्वतःच्या ताब्यात घेतलं. तेव्हा अध्यक्ष एकच होता म्हणून निभावलं. दोन असते तर गार्डमधल्या पोरांनी कोणाचं ऐकायचं? माझी लढाई तिथेच पेटते, गार्डच्या शस्त्रागाराच्या गेटवर.

आणि आपल्याकडे हे झालंच की! 1707 ला खेडला शाहू महाराज आणि ताराराणींच्या फौजा समोरासमोर, आणि धनाजी जाधव शाहूंकडे गेले. सातारा-कोल्हापूर हा वाद 1731 च्या वारणेच्या तहात मिटला, म्हणजे चोवीस वर्षं. हरिपूरला संगमावर जाता ना तुम्ही, तीच वारणा हद्द ठरली.

म्हणून काकाचं बोलते, रागावू नका. निवडणुकीपासून तुम्ही दोघं भाऊ बोलत नाही, ग्रुपवर एकमेकांना देशद्रोही म्हणता, मला ते वाचवत नाही हो. मत तुमचं तुमच्यापाशी राहू दे, पण त्याच्या घरी जा. आई, तू तरी काकूकडे जातेस ना?

कथेची पानं सोबत पाठवलीत. तुमची वाचून झाली की काकाला नेऊन द्या, तुम्ही स्वतः, कोणाच्या हाती नको. तो आर्मीत होता, गेटवर पहारा दिलाय त्याने, तो प्रसंग बरोबर जमलाय का ते त्यालाच कळेल.

तुमची,
ताई