प्रत्येक घरघर दम्याची नसते

महोदय,

थंडी पडली की नागपुरातल्या बालरोगतज्ज्ञांकडे धापा टाकणाऱ्या मुलांची रांग लागते. धूळ आहे, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख आहे. त्यामुळे ‘बालदमा’ हे निदान बहुतेकदा बरोबरच असते. पण क्वचित मुलाच्या श्वासनलिकेत गाठ असते. कार्सिनॉइड किंवा म्युकोएपिडर्मॉइड प्रकारच्या या गाठी इतक्या दुर्मिळ, की महिनोन्‌महिने दम्याचा पंपच चालू राहतो. पंपाने फरक नाही, घरघर एकाच बाजूला, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा फुप्फुसाच्या त्याच भागात किंवा थुंकीत रक्त, असे असेल तर सीटी स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासणीबद्दल पालकांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. डॉक्टर रागावले तर रागावू द्या! वेळेत सापडलेल्या अशा बहुतेक गाठी शस्त्रक्रियेने बऱ्या होतात. तान्ह्या बाळांच्या स्वरयंत्राखाली होणारी रक्तवाहिन्यांची गाठ तर अनेकदा प्रोप्रॅनोलॉल या जुन्या, स्वस्त औषधानेच आटोक्यात येते.

गडचिरोली-गोंदियाहून येणाऱ्या पालकांनी कान-नाक-घसा, छातीरोग आणि बालशल्यचिकित्सा असे विभाग धुंडाळत किती फिरायचे? मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांनी मिळून अशा मुलांसाठी आठवड्यातून एक संयुक्त ओपीडी ठेवावी.

– एक पालक, नागपूर