विमानतळ कामगारांसाठी यंदाची वर्गणी लवकर द्या

मरोळ आणि आसपासच्या सर्व रहिवाशांना मंडळाचा नमस्कार.

एरवी आम्ही गणपतीच्या आधी दारी येतो, यंदा पावसाच्या तोंडावरच येतोय. आपल्या चाळींतले विमानतळावरचे लोडर, ट्रॅक्टरचालक, विमानांची सफाई करणाऱ्या ताया, यांच्यातले बरेच जण सध्या घरी बसून आहेत. ग्राउंड हँडलिंगचं, म्हणजे जमिनीवर विमानाची चढउतार-सफाई सांभाळण्याचं, कंत्राट एका एजन्सीकडून दुसरीकडे गेलं. नवी एजन्सी म्हणते, या, पण नवीन भरती म्हणून या. म्हणजे आधीच्या सेवेवर पाणी सोडायचं. कामगारांनी नकार दिला, बोलणी फिसकटली आणि दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीने प्रकरण लवादाकडे गेलं. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.

तोवर दुसरीकडे काम का धरत नाहीत, असं काहींनी विचारलं. विमानतळाचा प्रवेश-पास एजन्सीमार्फतच निघतो. नोकरी सुटली की तो जमा करायचा, नव्यासाठी पुन्हा पोलीस पडताळणी. शिवाय ए३२० विमानाच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात, माणसाला ताठ उभं राहता येत नाही. ३२ किलोपर्यंतच्या बॅगा गुडघ्यांवर बसून रचाव्या लागतात. त्यात कंबर गेलेल्या पन्नाशीच्या लोडरला नव्याने कोण घेणार?

आम्हाला निकालाची धास्ती नाही. धास्ती आहे ती मधल्या महिन्यांची. भाडं थकलं, फी भरायची वेळ आली, की एकेक जण गुपचूप जाऊन नव्या भरतीवर सही करून येईल. मग लवादापुढे उरणार कोण? १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून कायमची गुंडाळण्याचा, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. दरम्यान कोणी रिक्षा धरली, कोणी गाव गाठलं, हे याच गल्ल्यांत आपण पाहिलंय.

म्हणून मंडळाने यंदाचा देखावा रद्द केलाय. (मूर्ती नेहमीचीच, काळजी नसावी.) जमलेल्या पैशातून भाडं थेट घरमालकाला आणि फी थेट शाळेत भरू. वकिलाचा खर्च युनियन बघतेय, त्याला यातला पैसा जाणार नाही. तांदूळ, तूरडाळ, तेल, वह्या, छत्र्या यांचंही स्वागत आहे. जुने कपडे मात्र नकोत. गेल्या पुरातले अजून कार्यालयात पडून आहेत.

आणखी एक काम आहे, त्याला पैसे लागत नाहीत. आधीची सेवा सलग धरली जावी म्हणून वर्षात २४० दिवस भरले हे दाखवायला पगारपावत्या, पीएफचं पासबुक, हजेरीचे कागद लावून ठेवावे लागतात. बँकेतून किंवा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्यांनी संध्याकाळचा तासभर दिला तर मोठी मदत होईल. झेरॉक्सवाल्यांनीही हात जरा सैल सोडावा.

एअरलाइनमध्ये आणि नव्या एजन्सीत नोकरी करणारेही आपल्यात राहतात. त्यांच्यावर कोणी राग काढू नये. त्यांनी वर्गणी दिली आणि नाव नको म्हणाले, तर पावती ‘एक हितचिंतक’ या नावाने फाडू.

मंडळाचं कार्यालय रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडं असतं. पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नका.