येऊर म्हणजे सशांचं माहेर नव्हे

मुलांच्या हट्टापायी आणलेला ससा ४-६ महिन्यांत वयात येतो, चार्जरच्या वायरी कुरतडतो, मागचा पाय आपटतो, उचलू गेलं की ओरबाडतो. मग ‘फारच मस्तीखोर निघाला’ म्हणत कुणीतरी त्याला येऊरच्या जंगलात सोडून येतं. पाळीव ससा तिथे तग धरत नाही. मुळात सशाचे दात जन्मभर वाढतात. कुरतडणं हा खोडसाळपणा नव्हेच! भरपूर सुकं गवत, पिंजऱ्याबाहेर रोज काही तास मोकळीक आणि नसबंदी, एवढ्यावर बहुतेक ससे निवळतात. आमच्या सोसायटीतला असाच एक ‘चावरा’ ससा वाघबीळच्या निवृत्त जोडप्याने नेला. आता हॉलभर उड्या मारतो. ससा ८-१० वर्षं जगतो, हे विक्रेत्यांनी आधीच सांगावं. महापालिकेने दुकानांत तसा फलक सक्तीचा करावा.

– एक वाचक, ठाणे (प.)